पाहुणचाराने बुडालेली साइट

'एंट इट कूल न्यूज' या सिनेमाच्या बातम्या देणाऱ्या साइटचं नाव आज विशीतल्या सिनेमावेड्यांना फारसं माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं ते एका वाक्यात निकाल लावतात: मालकावर २०१७ मध्ये लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि साइट संपली. मला हे अर्धंच पटतं. धंदा म्हणून ती साइट त्याच्या कितीतरी आधी अंथरुणाला खिळली होती. ती कुठल्या खटल्याने पडली नाही की एखाद्या प्रतिस्पर्ध्याने पाडली नाही. तिला स्टुडिओंचा पाहुणचार बाधला. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

साइटचा मालक हॅरी नोल्स हा टेक्ससमधल्या ऑस्टिनचा. आईवडील जुनी सिनेमा पोस्टरं, कॉमिक्स, स्मरणवस्तू विकणारे. एका लिलावात सामानाची ढकलगाडी अंगावर येऊन त्याच्या पाठीला जबर मार बसला, तो अंथरुणावर पडला आणि घरी संगणक आला. १९९६ मध्ये साइट सुरू झाली. नाव उचललं त्याच वर्षीच्या 'ब्रोकन अ‍ॅरो'मधल्या जॉन ट्रॅव्होल्टाच्या एका संवादातून. हॉलिवूडपासून हजारभर मैल लांब, एका घरातून, एकही पत्रकार हाताशी नसताना हे चाललं होतं. आणि हे लांब असणं हेच त्याचं भांडवल होतं, हे ध्यानात ठेवा.

माल यायचा कुठून? मुख्यतः टेस्ट स्क्रीनिंगमधून, म्हणजे प्रदर्शनाआधी प्रेक्षकांवर सिनेमा आजमावायच्या खेळांतून. आपल्याकडे 'ट्रायल' म्हटलं की वितरक, मित्र, नातेवाईक असा गोतावळा डोळ्यासमोर येतो. अमेरिकेतली पद्धत वेगळी. तिथे नॅशनल रिसर्च ग्रुपसारखी कंपनी मॉलमध्ये, थिएटरबाहेर माणसं उभी करून फुकट पास वाटते. साधारण तीन-चारशे प्रेक्षक लागतात, आणि त्यात चार गटांचा तोल साधावा लागतो: पंचविशीच्या आतले आणि पुढचे पुरुष, तसंच पंचविशीच्या आतल्या आणि पुढच्या स्त्रिया. सिनेमा संपला की प्रत्येकाच्या हातात कार्ड. त्यावर उत्कृष्ट, खूप चांगला, चांगला, बरा, वाईट असे पाच पर्याय. स्टुडिओ बघतो तो पहिल्या दोन पर्यायांच्या टक्क्यांची बेरीज, आणि त्याखालचा 'इतरांना नक्की बघायला सांगेन' हा आकडा. नंतर वीसेक लोकांना थांबवून घेतात आणि कुठे कंटाळा आला, शेवट पटला का, असं विचारतात. या कार्डांवरून सिनेमे नव्याने कापले जातात, शेवट बदलतात, प्रदर्शनाच्या तारखा सरकतात.

या सगळ्यात भोक एकच होतं. पास देताना विचारायचे, तुम्ही किंवा घरातलं कोणी सिनेमा-जाहिरात-पत्रकारितेत आहात का? 'नाही' म्हटलं की आत. खुर्च्या भरायची घाई असलेला मुलगा याहून जास्त काय तपासणार? बाहेर काही बोलणार नाही अशा कागदावर सही व्हायची, पण तोवर त्या सहीला अर्थ होता तो एवढ्यासाठीच, की सामान्य प्रेक्षकाकडे बोलायला जागाच नव्हती. ती जागा नोल्सने दिली. रात्री सिनेमा बघून आलेला माणूस टोपणनावाने ईमेल लिहायचा, सकाळी ती जशीच्या तशी साइटवर. तो त्यांना 'हेर' म्हणायचा. वृत्तपत्रांच्या समीक्षकांना जो सिनेमा महिन्यांनी दिसणार, त्याचा निकाल असा आधीच बाहेर.

आता यातली खोट. टेस्ट स्क्रीनिंगला दाखवतात तो सिनेमा अर्धाकच्चा असतो. संगीत दुसऱ्याच चित्रपटांतलं तात्पुरतं चिकटवलेलं, स्पेशल इफेक्टच्या जागी नुसती पाटी किंवा हिरवा पडदा, रंग जुळवलेले नाहीत, लांबी वीस मिनिटं जास्त. सवय नसलेला प्रेक्षक संथपणाचा दोष दिग्दर्शकाला देतो, खरा दोष उसन्या संगीताचा असतो. दुसरी खोट त्याहून वाईट: टोपणनावाने आलेली ईमेल प्रेक्षकाची, त्याच सिनेमाच्या प्रसिद्धी विभागाची, की समोरच्या स्टुडिओची? हे पारखायची रीत तशी साधी आहे. एकाच खेळाची निदान तीन वर्णनं घ्यायची, ती एकमेकांना ओळखत नसलेल्या माणसांची हवीत. त्यांत थिएटर, वेळ, सिनेमाची लांबी आणि एखादं बिनमहत्त्वाचं दृश्य जुळतंय का बघायचं. कौतुक किंवा शिवी जुळली तर तिला किंमत नाही, कारण ती पेरता येते. तिसऱ्या रिळातला फुटका दिवा सहसा कोणी पेरत नाही. हे रोज करायला मात्र एक संपादक लागतो. तो तिथे कधीच नव्हता. जो मालक तोच लेखक, आणि शेवटचा शब्दही त्याचाच.

१९९७ मध्ये साइटचं नाव झालं ते 'बॅटमॅन अँड रॉबिन'मुळे. टेस्ट स्क्रीनिंग बघून आलेल्यांनी सिनेमाची सालटी काढली, वॉर्नर ब्रदर्समधले लोक जाहीरपणे चिडले, आणि ऑस्टिनच्या एका पोराने कोट्यवधी डॉलरचा सिनेमा पाडला अशी दंतकथा तयार झाली. आकडे बघितले तर ती टिकत नाही. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत या सिनेमाने सुमारे ४ कोटी २९ लाख डॉलर कमावले. ही ओपनिंग वाईट नाही. दुसऱ्या शनिवार-रविवारी कमाई ६३ टक्क्यांनी कोसळली. म्हणजे ईमेली वाचून लोक घरी बसले नाहीत. ते गेले, त्यांनी सिनेमा पाहिला, आणि मग शेजाऱ्याला जाऊ नको म्हणाले. साइटने सिनेमा पाडला नव्हता, तो पडणार हे आधी सांगितलं होतं. दोन्हीत फार फरक आहे, पण स्टुडिओंना साइटला दोष देणं सोयीचं होतं आणि साइटला तो दोष मिरवणं.

उलट्या बाजूचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'टायटॅनिक' २ जुलै १९९७ला यायचा होता, तो १९ डिसेंबरवर गेला. खर्च हाताबाहेर, वर्तमानपत्रांत बुडणाऱ्या जहाजाचे विनोद. जुलैत मिनियापोलिसजवळ त्याचं टेस्ट स्क्रीनिंग झालं, आणि तिथून आलेल्या लोकांनी या साइटवर लिहिलं की सिनेमा जबरदस्त आहे. पुढे तो सलग १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. त्या ईमेलींमुळे राहिला असं मी म्हणणार नाही. पण स्टुडिओंच्या डोक्यात प्रकाश पडला: हा माणूस नुसता धोका नाही, फुकटची जाहिरातही आहे.

इथून पाहुणचार सुरू झाला. एकीकडे दारं बंद: टेस्ट स्क्रीनिंग लॉस एंजेलिसबाहेर, तपासणी कडक, काही ठिकाणी फक्त ओळखीपाळखीचे प्रेक्षक, पुढे फोनही बाहेर ठेवून घ्यायला लागले. दुसरीकडे दिवाणखाना उघडा: सेटवर बोलावणं, प्रीमियरची खुर्ची, दिग्दर्शकाचा थेट फोन. १९९९ मध्ये जोडीदार समीक्षक जीन सिस्केल वारल्यानंतर समीक्षक रॉजर ईबर्टच्या टीव्ही कार्यक्रमात पाहुणा सहसमीक्षक म्हणून नोल्स बसला. त्याच डिसेंबरात त्याने ऑस्टिनच्या अलामो ड्राफ्टहाउस या थिएटरमध्ये वाढदिवसाचा चोवीस तासांचा सिनेमा मॅरेथॉन सुरू केला, आणि तिथे स्टुडिओ आपले न आलेले सिनेमे पाठवू लागले. २००३ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा भाग तिथे दाखवला गेला. वाढदिवसाला ज्याने केक पाठवला त्याच्या सिनेमाला दुसऱ्या दिवशी काय शिव्या घालणार?

दिग्दर्शक पीटर जॅक्सनने हे सर्वांत आधी आणि सर्वांत शहाणपणाने वापरलं. ऑगस्ट १९९८ मध्ये, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं चित्रीकरण सुरू व्हायच्या वर्षभर आधी, त्याने या साइटवर चाहत्यांच्या वीस प्रश्नांना उत्तरं दिली. टॉल्किनचे भक्त शंका घेऊन बसले होते, त्यांना त्याने तिथेच जिंकलं. पण एप्रिल २०००मध्ये न्यू लाइन या स्टुडिओने सिनेमाची पहिली झलक इंटरनेटवर टाकली ती स्वतःच, आणि पहिल्या चोवीस तासांत ती १७ लाख वेळा उतरवून घेतली गेली. चाहत्यापर्यंत पोचायला मधला माणूस लागत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं. साइटला ते उमगायला दहा वर्षं लागली. २०११ मध्ये तिचा 'क्विंट' या टोपणनावाचा लेखक एरिक व्हेस्पी 'द हॉबिट'च्या सेटवर मुक्कामाला होता. त्याने तिथून भरभरून लिहिलं, आणि चित्रपटात हॉबिटच्या वेशात गर्दीत उभाही राहिला. मजकूर वाचनीय होता, व्हेस्पी मन लावून लिहिणारा माणूस. पण बातमीदारच पोशाख घालून कॅमेऱ्यापुढे उभा असेल, तर बाहेर बसून बातमी कोणी द्यायची?

आता पैशाचं बोलू, कारण अशा साइटी मरतात त्या इथे. बॅनर जाहिरातीचा दर हजार दर्शनांमागे ठरतो. निव्वळ हिशोब समजण्यासाठी आकडे धरा: महिन्याला एक कोटी पानं बघितली जातात, पानावर एक बॅनर, हजारामागे १० डॉलर दर, तर १ लाख डॉलर. तीच गर्दी ठेवून दर २ डॉलरवर आणा, २० हजार उरतात. नव्वदच्या दशकाअखेरीस असा वाचक पकडायला जागा मोजक्या होत्या, म्हणून दर चढा. २००५ नंतर यूट्यूब, फेसबुक आले आणि ते वय-शहर-आवड निवडून त्याच प्रेक्षकाला कवडीमोलाने विकू लागले. सिनेमाच्या साइटला यावर आणखी दोन दुखणी. जाहिरातदार म्हणजे तेच स्टुडिओ ज्यांच्या बातम्या द्यायच्या. आणि त्यांचा पैसा प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात एकदम येतो, मग खडखडाट. घरभाडं मात्र दर महिन्याला. हॉलिवूड रिपोर्टरने २०१३ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, भरभराटीच्या काळात वर्षाला ७ लाख डॉलरपर्यंत गेलेलं उत्पन्न लाख-दीड लाखांच्या आसपास घसरलं होतं आणि कराची मोठी थकबाकी डोक्यावर होती. त्याच वर्षी नोल्सने आपल्या वेब-शोसाठी चाहत्यांकडून किकस्टार्टरवर १ लाख डॉलरचं लक्ष्य ठेवून पैसे उभे केले. जमले. पण त्यातून शो उभा राहतो, साइट नाही.

दरम्यान मैदान बदललं होतं. १९९८ मध्ये रॉटन टोमॅटोज ही साइट आली, तिने समीक्षकांच्या मतांचा एक आकडा केला. २००६ मध्ये पत्रकार निकी फिंकने डेडलाइन हॉलिवूड डेली ही सिनेधंद्याच्या बातम्यांची साइट सुरू केली. तीही एकटी, तीही भांडकुदळ, पण तिच्या खबरा एजंट आणि स्टुडिओप्रमुखांकडून यायच्या, आणि त्या वाचल्यावाचून धंद्यातल्या माणसाचं चालत नसे. तिने २००९ मध्ये ती साइट जे पेन्स्कीच्या कंपनीला विकली. पेन्स्कीने पुढे २०१२ मध्ये 'व्हरायटी' हे सिनेधंद्याचं जुनं पत्रच विकत घेतलं. फिंक स्वतः नंतर बाहेर पडली तरी डेडलाइन चालू राहिली, कारण तोवर तिथे पगारी बातमीदार आणि संपादक होते. नोल्सची साइट मात्र दिसायलाही तशीच राहिली: तेच भडक रंग, तेच कार्टून, तोच पसारा. टोपणनावांचे लेखक मोठे होऊन निघून गेले. 'मोरियार्टी' म्हणजे ड्रू मॅकवीनी हिटफिक्स या दुसऱ्या साइटला गेला. 'मॅसावर्म' म्हणजे सी. रॉबर्ट कारगिल 'सिनिस्टर' आणि 'डॉक्टर स्ट्रेंज'चा सहलेखक झाला.

आणि तो नसलेला संपादक. २००२ मध्ये नोल्सने 'ब्लेड २'चं परीक्षण म्हणून जो लैंगिक मजकूर टाकला, तो कुठल्याही वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्या ओळीला अडला असता. इथे तो छापून आला आणि हसण्यावारी गेला. 'हॅरी असाच आहे' हे वाक्य तेव्हा संरक्षण होतं. २३ सप्टेंबर २०१७ला इंडीवायर या सिनेमाच्या साइटने एका स्त्रीचा आरोप प्रसिद्ध केला, की अलामो ड्राफ्टहाउसमधल्या कार्यक्रमांत १९९९-२००० च्या सुमारास त्याने तिच्या अंगाला हात लावला. त्याने नाकारलं. मग आणखी स्त्रिया पुढे आल्या. काही दिवसांत ड्राफ्टहाउसने संबंध तोडले, ऑस्टिनच्या समीक्षक संघाने त्याला काढलं, स्टीव्ह प्रोकोपीसारखे जुने लेखक साइट सोडून गेले.

अशा वेळी संस्था असली तर काय करते? मालकाला बाजूला करते, चौकशी नेमते, वाचकांना सांगते. इथे बाजूला करणार कोण? नोल्सने आपण रजेवर जात असल्याचं स्वतःच जाहीर केलं आणि कारभार बहिणीकडे दिला. मार्च २०२० मध्ये त्याने माफीचा मजकूर लिहिला, तोही तिथेच, स्वतःच्याच साइटवर.