टेबल, म्हणजे आधी खिळे

जुन्या दारात ज्याला टेबल दिसतं, अशा माणसाला घरच्यांनी एकटं सोडू नये. मला सोडलं.

जुन्या घराचं सागवानी दार भंगारात निघालं होतं. मी आडवा पडलो. आपल्याकडे चांगलं मुरलेलं लाकूड असताना टेबल विकत कशाला आणायचं? मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी दाराला एक टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "लाकूड बरं आहे साहेब. खिळे तेवढे काढून ठेवा, मग बोलवा."

'तेवढे' हा शब्द मी तेव्हा नीट ऐकायला हवा होता.

दाराला खिळे किती असतात? बिजागरीचे, कडीचे, पट्ट्यांचे धरले तर वीस-पंचवीस, असा माझा हिशोब. पण घरातल्या प्रत्येक पिढीने या दारावर काही ना काही टांगलेलं होतं, आणि जाताना टांगलेली वस्तू नेली तरी खिळा मागे ठेवला होता. नवा खिळा ओढला की सरळ येतो. गंजलेला मात्र लाकडाला असा धरून बसतो की डोकं तुटून हातोडीत येतं आणि धड आत राहतं. मग मागून सुंबा, म्हणजे बोथट टोकाची लोखंडी कांडी, ठोकून पुढे काढायचं, नाहीतर कडेने पटाशीने लाकूड कोरून पकडीला जागा करायची. हातोडीखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा असतो, नाहीतर फळीवर चंद्रकोर उमटते. पहिल्या अकरा चंद्रकोरींनंतर मला हे कळलं. सत्तरपर्यंत मी खिळे मोजले, पुढे मोजणं सोडून ते मारणाऱ्या अज्ञात इसमाला बोलणं सुरू केलं.

खिळा निघाला तरी भोवती निळसर काळा डाग राहतो. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य यांनी ओलाव्यात मिळून केलेला तो उद्योग. मी ते डाग घासून काढायला निघालो होतो, तर मिस्त्री म्हणाले, "राहू द्या. याच डागांसाठी लोक जुनं लाकूड मागतात." म्हणजे नव्या टेबलावर पडला तर डाग, जुन्यावर असला तर शोभा. हा न्याय माझ्या शर्टांना कुणी लावत नाही.

रंगाचं वेगळंच. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासून धूळ उडवायची नाही आणि आगीने जाळायचा तर मुळीच नाही. मास्क लावून, पाणी मारत मारत खरवडायचा. वर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली चॉकलेटी. प्रत्येक थराला मला वाटायचं, आता लाकूड.

मग किडा. एका कडेला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली. भोकं जुनी असली तर आत राहणारे केव्हाच गेलेले असतात. ताजा, पिठासारखा भुसा खाली पडला तर बिऱ्हाड अजून आहे. म्हणून फळीखाली काळा कागद पसरून ठेवला आणि रोज सकाळी उठून आधी तो पाहायचा. चौथ्या दिवशी कागदावर पिवळी पूड दिसली. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटं पोचवली की किडा मरतो. परदेशी जाणाऱ्या मालाच्या खोक्यांचं लाकूड असंच तापवतात. "आपल्या ओव्हनमध्ये होईल का?" असं मी विचारलं. बायकोने ओव्हनकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. पोखरलेली कड शेवटी मिस्त्रींनी कापूनच टाकली. टेबल चार इंचांनी अरुंद झालं.

उरलेल्या फळ्या घरातली हवा लागावी म्हणून तीन आठवडे बैठकीत रचून ठेवल्या, मधे मधे पट्ट्या घालून. लाकूड कितीही जुनं असो, हवेतल्या ओलाव्यासरशी रुंदीत फुगतं आणि आक्रसतं. लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे टेबलाचा वरचा भाग खालच्या चौकटीला करकचून आवळायचा नाही, स्क्रूची भोकं लांबट ठेवायची, नाहीतर फळी फाटते. हे ज्ञान मी प्रत्येक पाहुण्याला दिलं. पाहुणे फळ्यांवर बसूनच ऐकायचे, कारण दुसरी जागा नव्हती.

रंधा मारायच्या दिवशी मिस्त्रींनी विचारलं, "सगळे खिळे निघाले?" मी दोऱ्याला बांधलेलं चुंबक दाखवलं. इंच इंच फिरवलं होतं. ते म्हणाले, "खोल खिळा याला कळत नाही. मेटल डिटेक्टर आणा." मी म्हणालो, "मिस्त्री, या दाराला आता माझ्याइतकं कुणी ओळखत नाही."

यंत्र सुरू झालं. साल निघावी तसे लाकडाचे पापुद्रे निघू लागले, आतून सोनेरी तपकिरी रंग उजळत आला आणि तो जुना तेलकट वास खोलीभर पसरला. मी बायकोला हाक मारणार तेवढ्यात 'खर्रर्र' झालं, ठिणगी उडाली. पात्याला दोन खाचा. मिस्त्रींनी पटाशीने कोरून एक खिळा बाहेर काढला. त्याला डोकंच नव्हतं. कानशीने घासून उडवलेलं, आणि वर भोक बुजवायची लांबी नीट भरलेली.

"कोण मूर्ख असं करतं?" मी ओरडलो.

आई दारात उभी होती. "अरे, तूच. चौथीत होतास. चित्रं टांगायला खिळे ठोकलेस आणि बाबा ओरडतील म्हणून डोकी घासून लांबी भरलीस. आम्हाला वाटलं, पोराच्या हातात कला आहे."

मिस्त्रींनी यंत्राचं बटण बंद केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे वळले.

"एकूण किती ठोकले होतेस?" त्यांनी विचारलं. 'साहेब' न म्हणता.