‘लेड-फ्री’ लिहिलंय म्हणून त्या वाटीत सोलकढी ओतू नका

पॉटरी शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आणि रील्समध्ये एक सल्ला सतत फिरतोय. लाल मातीच्या भांड्यावर मेटॅलिक किंवा खडबडीत टेक्स्चरचं ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काच होणारा लेप, बिनधास्त लावा. डबीवर ‘लेड-फ्री’ आहे. हजार अंशांवर भाजलं की त्याची काच होते. आणि तरीही शंका वाटलीच तर वरून ट्रान्स्परंट (पारदर्शक) ग्लेझचा एक हात मारा. मग कप, वाटी, ताटली, काहीही वापरायला मोकळे. ऐकताना पटतं, म्हणूनच हा सल्ला धोक्याचा आहे.

आधी ‘लेड-फ्री’. शिसं नाही हे चांगलंच. पण लो-फायर, म्हणजे कमी तापमानाला भाजायच्या, ग्लेझला ब्राँझची, गनमेटलची झाक येते ती बहुतेक वेळा मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडमुळे. साध्या हिरव्या ग्लेझमध्ये कॉपर ऑक्साइड दोन-चार टक्के असतं. मेटॅलिक ग्लेझमध्ये ही ऑक्साइडं इतकी ठासून भरलेली असतात की वितळलेल्या काचेत ती मावत नाहीत. भट्टी निवताना जादाचा भाग वर येऊन स्फटिकांच्या रूपात बसतो, आणि आपल्याला जी चमक आवडते ती त्याचीच. म्हणजे जिथे ओठ टेकतात, जिथे चमचा घासतो, नेमकं तिथेच हे सगळं उघडं असतं. चिनीमातीच्या भांड्यांची नेहमीची तपासणी म्हणजे ४ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल २४ तास भरून ठेवायचं आणि त्यात उतरलेलं शिसं आणि कॅडमियम मोजायचं. तांबं आणि मँगनीज त्यात मोजलंच जात नाही. डबीवरचा ‘नॉन-टॉक्सिक’ शिक्कासुद्धा ग्लेझ हाताळणाऱ्यासाठी आहे, भाजून झालेल्या भांड्यात जेवणाऱ्यासाठी नाही.

कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. इथेही आंबट पदार्थ तांब्याला तसाच सोडवून घेतो. आणि आपलं जेवण काय, तर चिंचेची आमटी, सोलकढी, ताक, लिंबाचं लोणचं!

‘काच होते’ हे खरं आहे, पण काचेकाचेत फरक असतो. लो-फायर म्हणजे साधारण कोन (भट्टीतली उष्णता मोजायचं माप) ०६ ते ०४, १००० ते १०६० अंश सेल्सिअस. एवढ्या कमी तापमानाला ग्लेझ वितळावं म्हणून त्यात बोरॉन आणि सोडा-पोटॅश वाढवतात, काच टणक करणारे सिलिका आणि अ‍ॅल्युमिना कमी ठेवतात. हे प्रमाण नीट जुळवलं तर लो-फायर ग्लेझही पक्कं होतं, त्यामुळे लो-फायरला सरसकट कच्चं म्हणणं मला मान्य नाही. मेटॅलिकमध्ये मात्र तो तोल ऑक्साइडांच्या भाराने मोडलेला असतो.

टेक्स्चरची गोष्ट वेगळी. लाव्हासारख्या ग्लेझमध्ये बहुधा सिलिकॉन कार्बाइड असतं; भट्टीत त्यातून वायू सुटतो, बुडबुडे फुटतात आणि खळगे राहतात. भेगाळून गोळे होणाऱ्या ग्लेझमध्ये मॅग्नेशियम कार्बोनेट असतं. ते वाळताना खूप आकसतं, थर तडकतो, आणि वितळताना प्रत्येक तुकडा आपापला गोळा होतो. मधल्या फटीतून माती दिसावी हाच तर त्या ग्लेझचा हेतू! आणि ती माती कोन ०४ ला भाजली तरी सच्छिद्रच राहते. असा कप पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी उचललात की खाली ओलं वर्तुळ दिसेल. दूध-चहा त्या खळग्यांत आणि मातीत मुरला की घासणीने निघत नाही. शिवाय मुरलेलं पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापतं. चहा कोमट आणि कपाचा कान हात भाजेल इतका गरम, असं होतं. गोळ्यांच्या कडा तुटून पोटात जाण्याची भीती वेगळीच.

वरून ट्रान्स्परंट मारण्याने तर दोन्हीकडून नुकसान. ट्रान्स्परंट वितळतं तेव्हा खालची ऑक्साइडं त्यात विरघळतात. चमक जाऊन तपकिरी-काळपट रंग उरतो, आणि ज्या थरावर तुम्ही भरवसा ठेवलात त्याच थरात आता तांबं उतरलेलं असतं. खडबडीत ग्लेझवर ते खळग्यांत साचतं, बुडबुड्यांवर पातळ पापुद्रा धरतं, आणि तो फुटला की धारदार कडा निघतात.

लिंबाची फोड रात्रभर ठेवून बघा, असंही कोणी सांगतं. जरूर बघा. फोडीखाली फिकट डाग पडला तर ते भांडं जेवणासाठी बाद. डाग नाही पडला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही; त्याचं उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं.

एवढं सगळं असूनही ही ग्लेझं टाकून द्या असं मी म्हणणार नाही. नवव्या शतकात इराकमधल्या कुंभारांनी चांदी-तांब्याच्या क्षारांनी लस्टर, म्हणजे धातूसारखी झळाळी, काढलं, तेही लो-फायर भांड्यांवरच. व्हिएन्नाहून १९३८ मध्ये लॉस एंजेलिसला गेलेल्या ओटो आणि गर्ट्रूड नाट्झलर या कुंभार दांपत्याची खळग्यांची ग्लेझं, १९६० च्या दशकात भारतात येऊन गेलेल्या अमेरिकन कुंभार बिअ‍ॅट्रिस वूड यांची लस्टर भांडी बघताना नजर हटत नाही. ही झळाळी नजरेसाठी आहे, तर तिला भांड्याच्या बाहेरच्या अंगाला जागा द्या. आत आणि काठावर त्या मातीशी जुळणारं, तपासलेलं गुळगुळीत ग्लेझ. मेटॅलिक काठाखाली दोन-तीन सेंटिमीटर सोडून. ते ओघळतं, म्हणून बुडाशीही जागा सोडा.

आणि ज्याचा त्या सल्ल्यात उल्लेखच नसतो, ती भट्टी. मँगनीजची भुकटी आणि वाफ छातीत जाणं वाईट. काळं मँगनीज दळणाऱ्या स्कॉटलंडच्या कामगारांचे हातपाय कसे लुळे पडत गेले, हे जॉन कूपर या डॉक्टरांनी १८३७ मध्येच नोंदवलं होतं. मेटॅलिक ग्लेझ भाजताना भट्टीचा धूर बाहेर काढायची सोय हवी. घराच्या बंद बाल्कनीत, मुलं शेजारच्या खोलीत असताना ही भट्टी लावू नका. कोरडी भुकटी मिसळताना मास्क लावा, नुसता रुमाल बांधून चालत नाही.

तुम्ही विकत असाल तर ‘फक्त शोभेसाठी’ हे शब्द अंडरग्लेझने (ग्लेझखाली लावायच्या रंगाने) बुडावर लिहून भाजा. चिठ्ठी पहिल्या धुण्यात निघून जाते, आणि ते भांडं पुढे कोणाच्या घरी, कोणाच्या जेवणात जाईल हे आपल्या हातात राहत नाही.