‘२४ तास थांबा’ असं कोणताच कायदा सांगत नाही

थरारपटात हे दृश्य हमखास असतं. सोळा वर्षांची मुलगी क्लासवरून परतलेली नसते. बाप पोलीस ठाण्यात जातो आणि समोरचा हवालदार म्हणतो, "चोवीस तास वाट बघा, मैत्रिणीकडे गेली असेल." मग बाप स्वतःच शोधाला लागतो. तिचा लॅपटॉप उघडतो, पासवर्ड मोडतो, नकाशावर लाल ठिपका लुकलुकतो. कथेला हे सोयीचं आहे, कारण पोलीस पहिल्याच तासाला कामाला लागले तर नायकाच्या हाती काही उरत नाही.

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या ‘मूल हरवल्यास पालकांनी काय करावे’ छापाच्या सूचना याच दृश्यांवर पोसलेल्या आहेत. त्यांचा गाभा असा: २४ तास झाल्याशिवाय तक्रार घेतली जात नाही. मूल स्वतःहून गेलं असेल तर पोलीस केस होत नाही. जिथून हरवलं तिथल्याच ठाण्यात जावं लागतं. फोन बंद असला तरी पोलीस लोकेशन काढतात. तोवर घरच्यांनी मुलाची अकाउंट्स उघडून बघावीत, आणि फोटो, नाव, आपला मोबाइल नंबर टाकून मेसेज जास्तीत जास्त पसरवावा. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि काही वाक्यं शोधाचं सरळ नुकसान करतात.

‘२४ तासांनंतरच तक्रार घेतात’

भारतात असा नियम नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत तर नियम बरोबर उलटा आहे. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी आदेश दिला की बेपत्ता बालकाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा आणि सुरुवातीलाच अपहरण किंवा मानवी तस्करी झाली आहे असं गृहीत धरून तपास करायचा. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला घटनापीठाने ललिताकुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक ठरवलं. तो खटलाही एका बापाने आपली अल्पवयीन मुलगी बेपत्ता असताना पोलीस हलत नाहीत म्हणून लढलेला होता.

बाल न्याय आदर्श नियम २०१६ मधला ९२ वा नियम पुढची कामं सांगतो. गुन्हा तात्काळ नोंदवायचा, ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने तो विशेष बाल पोलीस पथकाकडे पाठवायचा, फोटो आणि वर्णन संबंधित पथकांना आणि बेपत्ता मुलांच्या सरकारी पोर्टलवर द्यायचं, शोधपत्रक काढायचं. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जातो. ही चार महिन्यांची तारीख पालकांनी कॅलेंडरवर लिहून ठेवावी. तपास वर्ग झाला का, हे त्या दिवशी जाऊन विचारायचं असतं आणि बहुतेकांना ते ठाऊकच नसतं.

२४ तासांची मुदत बाल न्याय कायद्यात आहे, पण ती सापडलेल्या मुलासाठी. त्याला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं. हरवलेल्या मुलाची वाट बघण्यासाठी अशी मुदत कुठेही नाही. अमेरिकेतसुद्धा नाही, जिथून हे थरारपट येतात. तिथे १९९० च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्यांसाठी असा प्रतीक्षाकाळ ठेवायलाच बंदी केली.

याच संदर्भात दुसरा आकडाही फिरतो: ‘तीन तासांत ७६ टक्के मुलं मारली जातात.’ हा आकडा अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा आहे आणि तो फक्त अपहरणानंतर ज्यांचा खून झाला त्या मुलांबद्दल आहे, सगळ्या बेपत्ता मुलांबद्दल नाही. आधीच हादरलेल्या आईबापाला असा अर्धवट आकडा पाठवणं क्रूरपणाचं आहे. त्यातून घ्यायचं ते एवढंच की तास मोलाचे आहेत.

ठाण्यात काय म्हणायचं, हेही नेमकं हवं. ‘मिसिंग नोंदवायची आहे’ असं म्हटलं तर प्रौढ माणसाची घेतात तशी नुसती बेपत्ता नोंद होऊ शकते. ‘मूल अल्पवयीन आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली अपहरणाचा गुन्हा दाखल करा’ असं ठाणे अंमलदाराला सांगा आणि बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, ते विचारा. प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. ‘आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करू’ हे उत्तर इथे चालत नाही. ती सोय तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती आहे आणि कलम १३७ ची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. तरीही नकार मिळाला तर खबर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे पाठवायची, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पण हे कागद फिरत असताना ११२ वर फोन झालेला असावा. तिथे कॉलची वेळ नोंदली जाते. बालकांची हेल्पलाइन १०९८ आहे आणि मूल रेल्वेने गेल्याची शंका असेल तर १३९.

‘स्वतःहून गेलं असेल तर केस होत नाही’

होते, कारण अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की अपहरण गृहीत धरूनच तपास सुरू होतो. आधीच्या दंड संहितेत पालकांच्या ताब्यातून नेण्याच्या गुन्ह्यासाठी मुलग्याचं वय सोळा आणि मुलीचं अठरा धरलं जाई. १ जुलै २०२४ पासून, नव्या न्याय संहितेत, दोघांनाही अठरा लागू आहे. ‘रागावून गेला, येईल संध्याकाळी’ असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे, पण घरातून स्वतः निघालेल्या मुलाला पुढच्या स्टेशनवर कोण गाठतं हे मुलाच्या हातात नसतं. नोकरीचं, मॉडेलिंगचं, लग्नाचं आमिष दाखवून नेलेली मुलंही घरातून आपल्याच पायांनी निघालेली असतात. पोलिसात गेलो तर मुलाच्या नावावर डाग बसेल, ही भीती बिनबुडाची आहे. या गुन्ह्यात मूल पीडित असतं, आरोपी नव्हे.

‘हद्द बघून जा’

हद्दीचा प्रश्न पोलिसांनी सोडवायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्याला खबर घ्यावीच लागते. शून्य क्रमांकाने गुन्हा (‘झिरो एफआयआर’) नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. मुलगा नाशिकहून निघाला आणि शेवटचा फोन कल्याणहून आला, तरी आईबाप जिथे आहेत तिथल्या ठाण्यात जाऊ शकतात.

‘फोन बंद असला तरी लोकेशन निघतं’

सर्वाधिक वेळ इथे वाया जातो, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं. फोन पूर्ण बंद झाला की तो टॉवरशी बोलत नाही. कंपनीकडे उरते ती शेवटची नोंद: कोणता टॉवर, त्याची कोणती बाजू, किती वाजता. एका टॉवरच्या साधारण तीन बाजू असतात, प्रत्येक सुमारे १२० अंशांची. दाट वस्तीत त्या पाचरीची लांबी काहीशे मीटर असते, घाटात किंवा माळरानावर कित्येक किलोमीटर. म्हणजे हाती येतो तो ठिपका नव्हे, एक पट्टा. ही माहितीसुद्धा वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या रीतसर मागणीवरच मिळते. पैसे घेऊन ‘सीडीआर (कॉलच्या नोंदी) काढून देतो’ म्हणणारा माणूस बेकायदा काम करतोय किंवा फसवतोय.

याला अपवाद आहे. काही नव्या आयफोनमध्ये आणि मोजक्या अँड्रॉइड फोनमध्ये बंद केल्यानंतरही काही काळ जवळच्या इतर फोनमार्फत ठिकाण कळू शकतं, ती सोय आधीपासून चालू असेल तर. म्हणून घरच्या फोनवर मुलाचं लोकेशन शेअर असेल, तर ते उघडून आधी वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या. ‘आवाज करा’ आणि ‘डेटा मिटवा’ ही बटणं दाबू नका.

पोलिसांना द्यायची सर्वांत उपयोगाची गोष्ट फोनच्या खोक्यावर छापलेली असते, आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही द्या. त्याच फोनमध्ये दुसरं सिम पडलं तर या क्रमांकावरून नवा नंबर निघतो. खोकं नसेल तर बिलावर बघा. सिम न वापरता कुणाच्या वायफायवरून इन्स्टाग्राम चालवणारं मूल टॉवरच्या नोंदीत दिसणारच नाही. त्यासाठी ॲप कंपनीकडून आयपी नोंदी (कोणत्या इंटरनेट जोडणीवरून खातं वापरलं, ते) मागवाव्या लागतात आणि तातडीच्या प्रकरणात पोलीस तशी मागणी करू शकतात. ती करता यावी म्हणून मुलाची सगळी युजरनेम, ईमेल आणि गेममधली नावं लिहून द्या. पालकांना इन्स्टाचं एकच खातं ठाऊक असतं, दुसरं मित्रांना विचारल्यावर कळतं.

आणखी एक चूक भीतीपोटी होते. ‘कुणी गैरवापर करेल’ म्हणून सिम बंद करणं किंवा हरवलेला फोन म्हणून ब्लॉक करणं. कृपा करून असं करू नका. मुलाचा घरी फोन करायचा रस्ता आणि पोलिसांचा माग, दोन्ही त्यात तुटतात. उलट त्या नंबरचा रिचार्ज संपत आला असेल तर लगेच मारा. मुलाला पाठ असलेला घरचा नंबर चार्ज असलेल्या फोनवर चालू ठेवा आणि तो उचलायला कायम एक माणूस बसवा.

‘लॅपटॉप उघडून स्वतः शोधा’

चित्रपटातला बाप मुलीच्या खात्यांमध्ये शिरतो आणि सगळं उलगडतं. प्रत्यक्षात मुलाच्या नंबरवर ओटीपी मागवून दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू केलं की मुलाच्या फोनवरचं बंद पडतं, आणि बॅकअप नसेल तर जुने मेसेजही मिळत नाहीत. पासवर्ड बदलला की चालू असलेली सत्रं तुटतात, मूल खात्याबाहेर फेकलं जातं. लॅपटॉप चालू असेल तर चालूच ठेवा, चार्जर लावा, उघड्या टॅब बंद करू नका आणि पडद्याचे फोटो काढा. पुढचं पोलिसांवर सोडा.

घरच्यांनी स्वतः करायचं काम वेगळंच आहे आणि त्याला घाई लागते: सीसीटीव्ही. दुकानांतल्या यंत्रांवर जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढतं. डिस्क लहान असेल तर आठवडाभरात, एरवी पंधरा-तीस दिवसांत. शोध ‘हरवल्याचं लक्षात आलं’ त्या वेळेपासून सुरू करू नका, खात्रीने शेवटचं दिसलं त्या ठिकाणापासून करा. सोसायटीच्या फाटकातून मूल डावीकडे गेलं की उजवीकडे, एवढं कळलं तरी निम्मी दिशा सुटते. मग पुढचं दुकान, पुढचा चौक, रिक्षा थांबा, एसटी स्थानक. प्रत्येक ठिकाणी यंत्राच्या पडद्यावरचं घड्याळ आणि आपल्या मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्या. यंत्रांची घड्याळं सर्रास पाच-दहा मिनिटं चुकलेली असतात आणि तेवढ्या फरकाने तपास चुकीच्या गाडीच्या मागे लागतो. पडद्याचं मोबाइलवर चित्रण करण्यावर थांबू नका. मूळ फाइल जपून ठेवायला दुकानदाराला सांगा आणि जागा, वेळ पोलिसांना लेखी द्या. ती फाइल पुरावा म्हणून घेताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं.

खोलीत काय नाही, तेही बघा. चार्जर, आधार कार्ड, जास्तीचे कपडे, साठवलेले पैसे गेले असतील तर बेत आधीचा आहे. सगळं जागेवर असेल तर तसं ठळकपणे सांगा. उशीचा अभ्रा, न धुतलेले मोजे हाताळू नका. श्वानपथक आलं तर वासासाठी तेच लागतात.

‘फोटो आणि आपला नंबर टाकून पसरवा’

पसरवायला हरकत नाही, पण स्वतःचा नंबर टाकू नका. असा नंबर दिसला की ‘मुलगी आमच्याजवळ आहे, तिकिटाचे पैसे पाठवा’ म्हणणारे फोन सुरू होतात, क्यूआर कोड येतात. अशा कुणालाही एकच उत्तर द्यावं: मुलाला जवळच्या ठाण्यात घेऊन जा किंवा ११२ ला फोन करा. पैसे पाठवू नयेत, नंबर तपास अधिकाऱ्याला द्यावा.

मजकुरात ताजा फोटो, नाव, वय, उंची, कपडे, शेवटचं ठिकाण आणि वेळ, पोलीस ठाण्याचं नाव आणि फोन असावा. सगळ्यात जास्त विसरली जाते ती तारीख. तारखेविना टाकलेले मेसेज मूल घरी येऊन वर्षं लोटली तरी फिरत राहतात. भांडण, प्रेमप्रकरण, कमी पडलेले गुण असलं काहीही लिहू नका. ते मूल परत येणार आहे आणि त्याच शाळेत जाणार आहे.

याच मेसेजांच्या शेवटी बऱ्याचदा ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे, अनोळखी दिसल्यास पकडा’ अशी ओळ चिकटवलेली असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं. ती ओळ पुढे पाठवणाऱ्याला आपण मदत करतोय असंच वाटत असतं. ती पुसूनच मेसेज पुढे पाठवा, किंवा पाठवूच नका.

मूल सापडलं की ज्या ज्या गटात फोटो टाकला तिथून तो काढा, ‘सापडली’ असं लिहून तिचाच फोटो पुन्हा टाकू नका. तिची ओळख माध्यमांत उघड करायला कायद्याने मनाई आहे, आणि लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम २३ खालीही आहे. नातेवाइकांकरवी परस्पर घरी आणलं असेल तरी ठाण्याला कळवा. जबाब, बालकल्याण समितीसमोर हजेरी, गरज असेल तर संमतीने वैद्यकीय तपासणी, हे सगळं व्हायचं असतं, आणि पोर्टलवरची नोंद बंद झाली नाही तर दुसऱ्या जिल्ह्यातले पोलीस घरी बसलेल्या मुलाला शोधत राहतात.