वेदांचा डोळा आणि पत्रिकेतला मंगळ

दर काही महिन्यांनी तो फॉरवर्ड फिरून येतो. शब्द बदलतात, आशय तोच: ज्योतिष हा वेदांचा डोळा आहे, राशी आणि कुंडली वेदांतच सांगितल्या आहेत, पत्रिका म्हणजे कर्मसिद्धान्ताचं गणित, संतांनीही ते मानलं, न्यायालयानेही मानलं, आणि म्हणून पत्रिका न मानणारा माणूस अर्धाच हिंदू. खाली हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'. मी एकादशी करते, घरात पंचांग टांगलेलं आहे आणि ते पाहिल्याशिवाय माझा सण ठरत नाही. तरीही यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मला खटकतं. भाकितं खरी ठरतात की नाही, या वादात इथे शिरत नाही. आपली श्रद्धा पत्रिकेच्या आधारावर उभी आहे का, एवढंच पाहू.

डोळ्यापासून सुरुवात करू. वेदांच्या उच्चारशास्त्रावरच्या पाणिनीय शिक्षा या ग्रंथातले शब्द आहेत 'ज्योतिषामयनं चक्षुः'. ज्योतींचं अयन, म्हणजे आकाशातल्या तेजोगोलांची चाल, हा वेदाचा डोळा. ही चाल सांगणारा वेदांग ज्योतिष (वेदांग म्हणजे वेदाला पूरक असं शास्त्र) हा लगधाच्या नावावरचा छोटासा ग्रंथ. ऋग्वेदाच्या पाठात त्याचे ३६ श्लोक. पाच वर्षांचं एक युग, त्यात १८३० दिवस आणि ६२ चांद्रमास, पाणी मोजून वेळ ठरवायची रीत, सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा (एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं) तर सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा, असा त्यातला मजकूर. यज्ञ ठरलेल्या वेळी व्हावेत म्हणून केलेली ही कालगणना. ग्रंथ स्वतःला 'कालविधानशास्त्र' म्हणवतो. त्यात बारा राशी नाहीत, कुंडलीची बारा स्थानं नाहीत, जन्मवेळेवरून सांगितलेलं भविष्य नाही.

गोंधळ होतो तो एकाच शब्दामुळे. परंपरेनेच ज्योतिषाचे तीन स्कंध केले: गणित (ग्रहताऱ्यांच्या चालीचा हिशेब), संहिता (शकुन, पाऊसपाणी अशी सगळ्यांसाठीची भाकितं) आणि होरा (जन्मवेळेवरून एका माणसाचं भविष्य). पत्रिका येते होरा स्कंधात. फॉरवर्डवाले वेदांगातल्या कालगणनेची पुण्याई उचलतात आणि गुपचूप होऱ्याच्या खात्यावर जमा करतात.

राशींचं काय? वेदांत नक्षत्रं भरपूर आहेत. अथर्ववेदाच्या १९ व्या कांडात कृत्तिकेपासून सुरू होणारी त्यांची यादीच आहे. मेष, वृषभ, मिथुन मात्र नाहीत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषाच्या इतिहासावर १८९६ साली मराठीत जो ग्रंथ लिहिला, त्यासाठी त्यांनी वैदिक वाङ्मय बारकाईने चाळलं होतं. मेषादी नावं त्यांनाही तिथे सापडली नाहीत. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर राशींची वेगळीच नावं नोंदवतो: क्रिय, तावुरि, जितुम. ग्रीकांचे क्रिओस, टाउरोस, डिडिमोय शेजारी ठेवून वाचा. पत्रिकेतलं आपलं 'केंद्र' आणि 'द्रेष्काण' (राशीचा तिसरा हिस्सा) हे शब्दही याच वाटेने आलेले. 'होरा' हा शब्द काही जण 'अहोरात्र'मधून आद्य आणि अंत्य अक्षर गाळून काढतात, तेही वराहमिहिरानेच सांगून ठेवलंय. पण यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट रुजलेलं आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य, असं लिहितानाही तो अडखळला नाही. चौदाशे वर्षांनंतर आपल्यालाच त्याची लाज का वाटावी, कळत नाही.

कर्माचा मुद्दा मात्र पोकळ नाही. पूर्वजन्मी साठलेल्या शुभाशुभ कर्माचं फळ हे शास्त्र दाखवतं, अंधारातल्या वस्तू दिवा दाखवतो तसं, अशी उपमा वराहमिहिराच्याच लघुजातक या ग्रंथात आहे. सुंदर आहे. पण ती मानायची तर पुरती माना. दिवा खोलीतलं कपाट दाखवतो, सरकवत नाही. मग 'शांत केली की मंगळ जातो' हे कुठल्या कर्मसिद्धान्तात बसतं? शिवाय प्रारब्ध, म्हणजे या जन्मी भोगायला आलेलं कर्म, हा कर्माचा एकच भाग. संचित (साठून राहिलेलं) आणि क्रियमाण (आत्ता करत असलेलं) उरतंच. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणं दिली आहेत आणि दैव त्यांत पाचवं आहे.

आता एखादी पत्रिका समोर धरा. लग्नस्थानापासून (जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीचं घर, विवाहाचं नव्हे) मोजत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या घरावर बोट ठेवा. यांपैकी कुठेही मंगळ असला की मंगळाची पत्रिका. बारांतली पाच घरं झाली, म्हणजे शंभरात चाळिसांच्या वर माणसं. (परिहारांची, म्हणजे दोष लागू न होण्याच्या अपवादांची, यादी एवढी लांब का, ते इथे कळतं.) साडेसातीचंही तसंच. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो आणि एका वेळी तीन राशींना साडेसाती चालू असते. ढोबळमानाने जगातली चौथा हिस्सा माणसं. ज्याचं त्याचं कर्म वेगळं म्हणता, आणि भीती अशी घाऊक वाटता!

न्यायालयाचं थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप करायला नकार दिला. पत्रिका हिंदू धर्माचा पाया आहे, असा काही तो निकाल नव्हता.

राहिले संत. तुकोबा भूत, भविष्य, वर्तमान सांगणाऱ्यांबद्दल म्हणतात, 'त्यांचा आम्हांसी कंटाळा । पाहों नावडती डोळां'. एवढं स्पष्ट बोललेलं असताना 'सर्व संतांनी मानलं' हे लिहायला धाडसच लागतं. आणि संन्यासधर्म सांगताना मनुस्मृती बजावते की नक्षत्रविद्या किंवा अंगविद्या (शरीराच्या खुणांवरून भविष्य) सांगून संन्याशाने भिक्षा मिळवू नये. अध्यात्माच्या शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला ही विद्या पोटापुरतीही वापरायला मनाई!

उलट बाजूही सांगायला हवी. मुहूर्त पाहणं जुनंच आहे. घरातल्या संस्कारांचे नियम देणारं आश्वलायन गृह्यसूत्र मुंज आणि विवाहासाठी उत्तरायण, शुक्ल पक्ष आणि शुभ नक्षत्र सांगतं. फॉरवर्डवाल्यांनी हे सूत्र जरूर वापरावं, फक्त लगेच पुढचं गाळू नये: 'सार्वकालमेके विवाहम्'. काहींच्या मते विवाह केव्हाही करावा. आश्वलायनाचे हे 'काही'ही मग अर्धेच हिंदू असणार.