पायांनी दिवा लावण्याचा उद्योग

सायकलच्या पुढच्या चाकात हब डायनामो, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसून चाकाबरोबर वीज तयार करणारे यंत्र, बसवला, तेव्हा उजेडाची विवंचना कायमची मिटली अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच चौकात खोटी ठरली. चाक थांबले की वीज थांबते, आणि वळणाऱ्या ट्रकला मी दिसणे जेव्हा सर्वाधिक गरजेचे असते, नेमका तेव्हाच मी अंधाराशी एकजीव होऊन उभा असे.

कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) घातलेले तयार दिवे थांबल्यावरही काही मिनिटे मिणमिणतात, पण तयार वस्तू घेणे मला कमीपणाचे वाटले. वीज साठवायला मी पुन्हा भरता येणारे चार निकेल-मेटल हायड्राइड सेल एकापुढे एक जोडले. डायनामोची वीज उलटसुलट वाहते आणि सेलना ती एकाच दिशेने लागते, म्हणून मध्ये चार डायोडांचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा, पूल बांधला. या पुलावर जकात असते, हे नंतर कळले: वीज एका वेळी दोन डायोडांतून जाते आणि साधा सिलिकॉन डायोड प्रत्येकी सुमारे ०.७ व्होल्ट कापून घेतो. कमी व्होल्ट कापणारे शॉटकी जातीचे डायोड लावून ती जकात निम्म्यावर आणली. सोल्डरचा डाग देताना अंगठा भाजला, तो हिशेबात धरलेला नाही.

खरा घोटाळा हिशेबाचाच होता. ताशी १५ किलोमीटरला ६ व्होल्ट, ३ वॉट देणारा हा डायनामो मोठा हट्टी. कितीही जोर लावला तरी अर्ध्या अँपिअरपलीकडे फारसा जात नाही. माझा ३ वॉटचा दिवा मात्र सेलच्या ४.८ व्होल्टांवर ०.६ अँपिअरहून अधिक मागतो. म्हणजे सेल भरावेत म्हणून मी घाम गाळून पायडल मारीत होतो आणि सेल हळूहळू रिकामेच होत होते. ते पुरते रिकामे झाल्यावर व्होल्टेजही खाली ओढून धरू लागले, आणि पूर्वी फक्त चौकात विझणारा दिवा आता भर वेगातही काजव्याएवढा झाला.

मग दिवसा, दिवा बंद ठेवून, पाच तास सायकल चालवली. सेल भरले, पण भरले हे डायनामोला कळत नाही, तो आग्रही यजमानासारखा वाढतच राहतो. सेलची डबी हाताला चटका देऊ लागली, तेव्हा मी उतरून सायकल ढकलत घरी आणली.

आता ते सेल रोज रात्री भिंतीवरच्या चार्जरमध्ये असतात. डायनामो कशालाही न जोडता चाकात फिरतो, आणि चढावर आपला ओढा तेवढा जाणवून देतो.