मिरगाआधी आपत्ती पथक उभारण्याची सोपी पद्धत

गावात आपत्ती निवारण पथक काढायचं तुमच्या मनात आलं, फार चांगलं केलंत. सुरुवात टी-शर्टपासून करा. रंग नारिंगी, पाठीवर पथकाचं नाव आणि त्याखाली, त्याहून मोठ्या अक्षरात, सौजन्य. उद्घाटन मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठेवा. चाकरमानी आंब्या-फणसाला आलेले असतात, फोटोत गर्दी दिसते. जूनच्या 7-8 तारखेला मिरग लागेपर्यंत त्यातले बहुतेक कोकणकन्येत बसून परत गेलेले असतात, पण यादीतली नावं काढू नका. चाळीस नावांची यादी तहसीलला भारदस्त दिसते. त्यातले किती जण पावसात गावात असतात आणि किती जणांना पोहता येतं, हे कुणी विचारत नाही.

आता सामान. दोर नायलॉनचाच घ्या, दिसायला चकचकीत असतो. तो पाण्यात बुडतो, खालच्या दगडांत अडकतो आणि बुडणाऱ्याच्या हाती लागत नाही, ही किरकोळ बाब. पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो, पिशवीत नीट भरून पंधरा-वीस मीटर ठेवला तर काठावरून फेकताही येतो. पण मग पाण्यात उडी मारणारा नायक कुठून आणायचा? नायक सापडलाच तर दोर त्याच्या कमरेला चांगला निरगाठ मारून बांधा. वाहत्या पाण्यात काठावरच्यांनी दोर ताणून धरला, की प्रवाह माणसाला खाली दाबतो आणि निरगाठ ओल्या हातांनी सुटत नाही. एका झटक्यात सुटणारा पट्टा असलेलं लाइफ जॅकेट त्यासाठीच असतं. पण त्याच्या बिलात दोन स्वागतकमानी उभ्या राहतात.

चेन सॉ मात्र हवीच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा माडा-पोफळींनी रस्ते अडवले होते, हे भाषणात जरूर सांगा. मग यंत्र पेट्रोल भरलेल्या टाकीसकट वर्षभर कपाटात ठेवा. पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये बसतो आणि ऐन वेळी दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. सुरू झालीच, तर दोन्ही टोकांना टेकलेलं खोड वरून सरळ आरपार कापा. वरची बाजू दाबाखाली असते, त्यामुळे पातं मध्येच चिमटतं. वरून एक तृतीयांश कापून उरलेलं खालून कापायचं असतं, पण त्यासाठी आधी दोन मिनिटं खोडाकडे बघावं लागतं. खाली तार दबली आहे का हेही बघू नका. लाइट गेली म्हणजे तार मेलेली, हा आपला पिढीजात सिद्धांत. शेजारी कुणी जनरेटर घराच्या बोर्डालाच उलटा जोडून त्या तारेत जीव ओतत असेल, असा संशय घेणं बरं दिसत नाही.

पूर ओसरला की विहिरींत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायची वेळ येते. इथे पथकाचं खरं कसब दिसतं. हिशेब सोपा आहे: तीन मीटर व्यासाची विहीर, तीन मीटर पाणी, म्हणजे सुमारे 21 हजार लिटर. हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर या मानाने 53 ग्रॅम. पुराचं पाणी आत शिरलं असेल तर आधी गाळ आणि पाणी उपसायचं. पण एवढं मोजण्यापेक्षा अख्खी पिशवी कठड्यावरून ओता, फोटोत पांढरा धूर छान येतो. कुणी म्हणेल, पावडर आधी बादलीत कालवा, चुन्याचा साका खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती बादली दोराने विहिरीत सोडून पाणी चांगलं घुसळा, तासाभराने पाण्यात क्लोरीन उरलाय का हे दाखवणारी ओटी टेस्ट करा आणि पिवळा रंग आला तरच पाणी वापरा. त्याला सांगा, एवढा वेळ कुणाला आहे? पावडर गेल्या वर्षीची, दमट कोठीत तोंड उघडं पडलेली असेल तर फारच उत्तम. तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडालेला असतो, त्यामुळे जास्त पडल्याची तक्रार येत नाही.

डोंगराकडे फारसं बघू नका. झरा अचानक गढूळ झाला, घराच्या चौकटीत दार अडकायला लागलं, उतारावरची झाडं कलली किंवा जमिनीला भेग पडली, तर दरडीच्या भीतीने रात्री अकराला वाडी उठवावी लागते. आणि रात्रीत काही झालंच नाही तर वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. त्यापेक्षा वॉट्सॲपवर ‘सतर्क राहा’ टाका. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोण गरोदर आहे, कुणाचं डायलिसिस चालू आहे, ही यादी फोनमध्येच ठेवा. वादळात टॉवर आणि चार्जिंग दोन्ही जातात, तेव्हा कागदाची गरज पडेल असं आधी कुणाला वाटतंय!

शेवटी सगळं सामान ठेवायचं कुठे? तळमजल्यावर, खाडीच्या बाजूच्या खोलीत. 2005 आणि 2021 च्या जुलैत चिपळूणचे तळमजले वाशिष्ठीने बुडवले, पण आपली खाडी वेगळी. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी यायला काय पाहिजे, पंचांगच पाहिजे. खोलीला कुलूप दणकट लावा आणि किल्ली अध्यक्षांकडे द्या. अध्यक्ष डोंबिवलीला असतात. गणपतीला येतात.