टीडीएस 50 च्या वर म्हणजे विष? कोकणात फिरणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस वाडीचा ग्रुप, गावचा ग्रुप, मुंबई मंडळाचा ग्रुप, जिकडे बघावं तिकडे 'कोकणवासीयांनो सावधान' हाच मेसेज फिरतोय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी त्यात काय म्हटलंय ते थोडक्यात सांगतो. पाण्याचा टीडीएस (म्हणजे त्यात विरघळलेले क्षार किती त्याचा आकडा) 50 च्या वर गेला की ते पाणी विष. खात्री करायची तर आरओ मशीन विकणारा दाखवतो ती टेस्ट करून घ्या. उकळून काही उपयोग नाही. ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या पावडरने कॅन्सर होतो तेव्हा टाकू देऊ नका. तांब्याच्या हंड्यात पाणी आपोआप शुद्ध होतं. आणि शेवटी, घरोघरी आरओ (बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं यंत्र) बसवा. आता तांब्याचा हंडाच सगळं करत असेल तर आरओ कशाला हवा, हे लिहिणाऱ्याला सुचलं नसावं.

मी पंप आणि फिल्टर बसवायचं काम करतो, रत्नागिरी संगमेश्वर पट्ट्यात. म्हणजे आरओ खपले तर चार पैसे मलाच सुटतात, तरीपण लिहितोय, कारण त्यातल्या पावडरीच्या मुद्द्यावरून आमच्याकडे एका वाडीत पावडर टाकायला आलेल्या माणसाला खरोखरच विहिरीवरून परत पाठवलं.

'टीडीएस 50 च्या वर म्हणजे विष'

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, कॅल्शियम, मॅग्नेशियम, मीठ वगैरे, सगळे मिळून. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस 10500, 2012 सालचं, त्यात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा काही स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. 50 हा आकडा त्यात कुठेच नाही, तो कुणी आणि का काढला असेल ते तुम्हीच ओळखा.

बरं, आपल्याकडचं पाणी मुळातच हलकं. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, तो जांभ्यातून (आपला लाल सच्छिद्र दगड) झरझर खाली उतरतो, आणि जांभ्यातले विरघळण्यासारखे क्षार हजारो वर्षांच्या पावसाने आधीच धुऊन नेलेत. त्यामुळे चांगल्या जांभ्यातल्या विहिरीत टीडीएसचा मीटर बुडवला तर आकडा शंभराच्या आतबाहेर येतो, साबणाला भरपूर फेस येतो, डाळ पटकन शिजते. देशावरच्या बोअरच्या पाण्यासाठी ज्या गोष्टीची धास्ती घ्यायची ती इथे बहुतेक ठिकाणी नाहीच आहे.

आणि त्या मीटरचं पण जरा समजून घ्या. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि एका ठरलेल्या आकड्याने गुणून टीडीएस दाखवतो, बस्स. जंतू त्याला दिसत नाहीत, कीटकनाशक दिसत नाही. टॉयफॉइडचे जंतू असलेल्या विहिरीत पण तो 60 दाखवेल आणि तुम्ही खूश. वजनकाट्यावर उभं राहून ताप बघण्यातला प्रकार आहे हा.

'मशीनवाल्याची टेस्ट बघा, पाणी कसं काळं होतं'

दोन ग्लास, त्यात सळया असलेलं एक यंत्र, एका ग्लासात तुमचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. स्विच लावला की तुमच्या ग्लासात दोन मिनिटांत हिरवट तपकिरी चिखल आणि आरओचा ग्लास जवळजवळ तसाच. घरातल्या बायका तोंडावर पदर धरतात, ऑर्डर पक्की.

तो चिखल पाण्यातला नाही हो, सळईचा आहे! सळया लोखंडाच्या असतात (जोडीला अ‍ॅल्युमिनियमच्या), वीज गेली की लोखंड झिजून त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत म्हणून वीज वाहत नाही, म्हणून काही होत नाही. पुढच्या वेळी कोण आला तर त्याच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ घालायला सांगा आणि मग स्विच लावा. आमच्या शेजारच्या काकींनी घातलं होतं, त्याच्याच ग्लासात असा काय चिखल झाला की तो पाणी पण न पिता गेला.

'उकळून काही होत नाही, क्षार तर वाढतातच'

क्षार जात नाहीत हे खरंय, वाफ गेल्याने किंचित वाढतात हेही खरंय. पण क्षार हा तुमचा प्रॉब्लेमच नाही. खळखळून उकळी फुटली आणि मिनिटभर तशीच राहिली की कावीळ, टॉयफॉइड, जुलाबाचे जंतू मरतात. गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळा. गॅस जळतो, ही एकच तक्रार रास्त आहे.

'ग्रामपंचायतीची पावडर म्हणजे कॅन्सर'

इथे जरा थांबतो, कारण बाकी मुद्द्यांनी पैसे जातील, ह्या मुद्द्याने माणसं आजारी पडतील.

जांभा सच्छिद्र असतो, त्यात भोकं, फटी, पोकळ्या. पाणी जसं झटकन मुरतं तशीच घाणही. वरच्या अंगाला कुणाचा शोषखड्डा असेल, गोठा असेल, तर पहिल्या जोराच्या पावसात ते सगळं गाळून न निघता विहिरीत येतं. मातीच्या जाड थरात जे गाळलं जातं ते इथे होत नाही. विहिरीचा तळ दिसतोय, पाणी आरशासारखं आहे, म्हणून ते स्वच्छ असं नाही. आणि कासव सोडलंय म्हणून तर अजिबातच नाही, कासव स्वतः जंतू बाळगून असतं.

त्यावर साधा इलाज म्हणजे टीसीएल पावडर, ब्लीचिंग. किती लागते ते बघा. विहिरीचा व्यास 3 मीटर, आत पाणी 2 मीटर, म्हणजे झालं साधारण 14 हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे सगळ्या विहिरीला जेमतेम 35 ग्रॅम. फेकायची नसते ती वरून. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करायची, मग बादली भरायची, दहा मिनिटं बसू द्यायची, खाली चुना बसतो, वरचं निवळ पाणी तेवढंच दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायचं आणि पोहरा चारपाच वेळा खाली वर करून ढवळायचं. मग निदान एक तास पाणी काढायचं नाही. रात्री टाकली की सकाळी प्रश्नच नाही. चुना तसाच ओतला की पाणी जड होतं आणि मग लोक म्हणतात पावडरीने पाणी बिघडलं.

आता कॅन्सरचं. ह्या पावडरीतला क्लोरीन आणि पाण्यातला कुजका पालापाचोळा ह्यांच्यातून ट्रायहॅलोमिथेन नावाची द्रव्यं तयार होतात, हे खोटं नाही, त्यांच्या मर्यादा पण ठरलेल्या आहेत. पण जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की त्यांच्या धास्तीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नका. पालापाचोळ्याची काळजी असेल तर विहिरीवर जाळी टाका, मे महिन्यात उपसून गाळ काढा, पावडरवाल्याला हाकलून काय मिळणार? उलट आपलं पाणी जरा आम्लाकडे झुकलेलं असतं आणि अशा पाण्यात क्लोरीन जास्त चांगला काम करतो, हा फुकटचा फायदा आहे.

तक्रार करायचीच तर ह्याची करा, की पावडरीची गोणी दमट खोलीत तोंड उघडं ठेवून पडलेली असते. आपल्या हवेत त्यातला क्लोरीन भराभर उडून जातो आणि मग विहिरीत नुसता चुना पडतो. गोणी कुठे ठेवलीय ते ग्रामसभेत विचारा. नळाला उरलेला क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा, ते थेंब टाकून रंग बघायचं साधं किट असतं, समोर करून दाखवायला सांगा.

'तांब्याचा हंडा आपोआप शुद्ध करतो'

रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय, ते मी नाकारत नाही. पण आपल्या पाण्याचा पीएच (आम्लपणाचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्ल) बऱ्याच विहिरींत साडेसहाच्या खाली असतो (मानकात 6.5 ते 8.5 हवा), आणि असं पाणी धातू खातं. पितळेच्या नळाखाली बेसिनवर हिरवा ओघळ बघितलाय ना? जीआयचा पाइप आतून गंजून बोटाएवढा उरतो तो पण ह्यामुळेच. तेच पाणी दोनदोन दिवस हंड्यात ठेवलं तर तांबं जास्त उतरणार. एका रात्रीचं पाणी चालेल, हंडा चिंचेने घासलेला हवा, आणि पावसाळ्यात त्याच्यावरच विसंबून राहू नका. तुरटीचं पण तसंच आहे, गाळ बसवते, जंतू मारायचं काम तिचं नाही, आणि आपल्या हलक्या पाण्यात ती नीट बसत पण नाही, पीएच मात्र आणखी खाली आणते.

'घरोघरी आरओ बसवा'

60 टीडीएसचं पाणी आरओत घातलं की 5-6 होऊन बाहेर येतं, मग त्याला चव नाही म्हणून टीडीएस कंट्रोलर लावतात, जो आरओत न गेलेलं थोडं पाणी परत त्यात मिसळतो. म्हणजे आधी काढायचं आणि मग घालायचं, आणि ह्या सगळ्यात एक लिटर पाण्यामागे साधारण तीन लिटर मोरीत. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात! 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं ते हेच, की 500 च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओला मनाई करा.

आरओ लागतो, पण कुठे? किनाऱ्याला आणि खाडीकाठी, जिथे मार्चनंतर विहीर मचूळ होते. तिथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, आणि हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर असेल तर खाली साधारण 40 मीटर गोडं पाणी. म्हणून वरची पातळी एक फूट उतरली तरी खालून खारं पाणी कितीतरी वर सरकतं. तिथे मोठा पंप लावून दिवसभर उपसा केला की माडाला पण खारं आणि माणसाला पण खारं. अशा घरात आरओ खुशाल लावा, पण आधी पंप लहान करा.

बाकीच्यांना काय? निवळ पाणी असेल तर यूव्ही (अतिनील दिव्याने जंतू मारणारा) चांगला, पण गढूळ पाण्यात जंतू गाळाच्या आड लपतात, त्यामुळे आधी गाळणी हवीच, दिवा वर्षाने बदलायला हवा, आणि पावसात दोन दिवस लाइट नसली की तो भिंतीवरचा डबा नुसता शोभेचा. यूएफला (अतिबारीक भोकांच्या गाळणीला) लाइट लागत नाही, वरच्या टाकीच्या दाबावर चालतो, बॅक्टेरिया अडवतो, मात्र काविळीचे विषाणू त्यातून निसटू शकतात, म्हणून जोडीला क्लोरीनचे थेंब नाहीतर उकळणं.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये आलीच नाही, ती म्हणजे लोखंड. बोअरचं पाणी काढलं तेव्हा स्वच्छ, तासाभराने तांबूस, कपड्यांना डाग, वर तेलकट तवंग. तवंगाला काडी लावा, काचेसारखा तुटला तर लोखंडावर जगणाऱ्या जंतूंचा, परत जुळून आला तर खरंच तेल. पेरूचं पान चुरगळून ग्लासात टाका, लोखंड असेल तर पाणी जांभळट काळं होतं, चहा काळा पडतो तो पण त्यामुळेच. अशा पाण्यावर आरओ लावला की मेम्ब्रेन (आतला गाळायचा पडदा) लवकर चोंदतो आणि मग मला फोन येतो. पाणी उंचावरून शॉवरसारखं टाकीत पाडा म्हणजे हवा लागेल, रात्रभर बसू द्या, वाळूतून गाळा. पीएच फार खाली असेल तर लोखंड लवकर बसत नाही, तेव्हा आधी कॅल्साइटचा (पीएच वर आणणाऱ्या चुनखडीच्या खड्यांचा) फिल्टर लागतो.

तर काही विकत घ्यायच्या आधी पाणी तपासून घ्या. ग्रामपंचायतीकडे फील्ड किट असतं, त्यात पीएच, लोखंड, क्लोराइड, नायट्रेट कळतं. जंतूंसाठी एचटूएसची बाटली मिळते, पाणी भरून ठेवायचं, दिवसदोन दिवसांत काळं झालं तर जंतू आहेत असं समजायचं. पक्का रिपोर्ट हवा तर सरकारी प्रयोगशाळेत द्या, जंतूंच्या तपासणीची बाटली तिथलीच निर्जंतुक केलेली घ्या, घरची कोल्ड्रिंकची नको, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, रसायनांची एकदा पुरते. रिपोर्ट आला की फोटो पाठवा, कोणता फिल्टर लागतो ते सांगेन, काहीच लागत नसेल तर तेही सांगेन.